पैनगंगा ओलांडण्याचा खर्च

हदगावकडून उमरखेडला जाताना पैनगंगा लागते. आज पुलावरून गाडी जाते आणि जिल्हा बदलला हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ऑगस्ट 1947 ते सप्टेंबर 1948 या तेरा महिन्यांत मात्र ही नदी म्हणजे व्यवहारात दोन देशांमधली हद्द होती. अलीकडे निजामाची रियासत, पलीकडे हिंदी संघराज्याचा मध्य प्रांत-वऱ्हाड. रझाकारांच्या धास्तीनं नांदेडकडची कितीतरी कुटुंबं ही नदी ओलांडून गेली. लातूरकडची माणसं बार्शी-सोलापूरकडे गेली, म्हणजे मुंबई प्रांतात. या लोकांचं शौर्य, त्यांच्यावरचे अत्याचार, सरहद्दीवरची शिबिरं यांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. पण एक साधा प्रश्न मला कुठं फारसा विचारलेला दिसला नाही: या सगळ्याचा खर्च कुणी दिला?

प्रश्न डोक्यात आला तो उलट्या दिशेनं. मी अमेरिकेतल्या एका योजनेबद्दल वाचत होतो. तिथं 2000 साली झालेल्या कायद्यानुसार, अमेरिकी नागरिक परदेशात दहशतवादी हल्ल्यात सापडला तर त्याचा खर्च सरकार परत करतं. दवाखान्याचं बिल, मानसोपचार, हरवलेलं-मोडलेलं सामान, अंत्यविधी, प्रवास-मुक्कामासारखा किरकोळ खर्च असे पाच मथळे आहेत आणि प्रत्येकाला कमाल मर्यादा आहे. डिसेंबर 1988 पासूनच्या घटना, म्हणजे लॉकरबीच्या विमानस्फोटापासूनच्या, त्यात धरतात. पैसा करदात्यांचा नाही; संघराज्याच्या न्यायालयांत गुन्हेगारांकडून वसूल होणाऱ्या दंडाचा जो निधी आहे त्यातून येतो. फ्रान्सनं 1986 मध्ये असाच एक हमी निधी उभारला. त्यासाठी मालमत्तेच्या प्रत्येक विमा पॉलिसीवर छोटी पट्टी बसवली, आणि परदेशात सापडलेला फ्रेंच नागरिकही त्यात येतो.

मला त्यातली रक्कम महत्त्वाची वाटली नाही, तिथला शब्द महत्त्वाचा वाटला. प्रतिपूर्ती. म्हणजे तुम्ही खर्च केला, पावती आणली, आम्ही तेवढे पैसे परत दिले. यात दया नाही, सन्मानही नाही, नुसता हिशेब आहे.

आपल्याकडे हा शब्द कुठं सापडतो ते बघा. केंद्र सरकारची दहशतवादी, जातीय आणि नक्षली हिंसेतल्या नागरी बळींसाठीची योजना 1 एप्रिल 2008 पासून आहे. सुरुवातीला 3 लाख, ऑगस्ट 2016 पासून 5 लाख. ही ठोक मदत आहे, पावत्यांशी तिचा संबंध नाही. राज्य सरकारनं ती कुटुंबाला द्यायची आणि नंतर केंद्राकडून परत मागायची. म्हणजे प्रतिपूर्ती आहे, पण ती राज्याची! बळी पडलेल्या माणसाच्या वाट्याला येतं ते 'सहाय्य' किंवा 'सानुग्रह अनुदान'. सानुग्रह म्हणजे अनुग्रहानं, कृपेनं दिलेलं. तुमचा हक्क म्हणून नव्हे. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यात महाराष्ट्रातले सहा जण गेले, तेव्हा राज्य मंत्रिमंडळानं प्रत्येक कुटुंबाला 50 लाख देण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण तो निर्णय त्या घटनेपुरता होता. मागच्या किंवा पुढच्या घटनेतल्या कुटुंबाला त्याच्याकडे बोट दाखवून मागता येईल असा नियम त्यातून तयार होत नाही. कृपा आणि नियम यांत हाच फरक असतो.

आता परत पैनगंगेवर येऊ.

'दहशतवाद' हा शब्द 1948 ला लावताना जपून. तो आजचा शब्द आहे, आणि तो लावला की आपोआप एक बाजू बळी, एक बाजू गुन्हेगार आणि मध्ये एक निष्पक्ष राज्य असं चित्र डोळ्यांपुढं येतं. इथं राज्यच वादात होतं. निजामानं 15 ऑगस्ट 1947 ला भारतात सामील व्हायला नकार दिला. 29 नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला. त्या काळात इत्तेहादुल मुसलमीनची रझाकार संघटना गावोगाव वाढली. तिचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील, हे लातूरच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो तेव्हा अजूनही काहींना आश्चर्य वाटतं. बीदर जिल्ह्यातलं गोरटा, बिलोली तालुक्यातलं अर्जापूर ही नावं या भागाच्या आठवणीत कायमची बसलेली आहेत.

मग नदी ओलांडणारा माणूस कायद्यानं कोण होता? राज्यघटना अजून यायची होती, 'भारतीय नागरिक' ही व्याख्याच नव्हती. तो निजामाचा प्रजानन. त्याच्या घराचं, जनावरांचं, पिकाचं नुकसान झालं ते रियासतीत. पोटापाण्याचा, औषधपाण्याचा, भाड्याच्या खोलीचा खर्च झाला तो संघराज्यात. रियासतीचं सरकार भरपाई देईल ही अपेक्षाच वेडेपणाची, कारण त्याच सरकारच्या आशीर्वादानं घर सुटलेलं. आणि संघराज्याच्या लेखी हा माणूस शेजारच्या राज्याचा.

जाता जाता एक गंमत. वऱ्हाडावर नाममात्र मालकी निजामाचीच होती. 1853 मध्ये तो प्रदेश इंग्रजांकडं सोपवला, 1902 मध्ये कायमच्या पट्ट्यानं दिला, आणि 1936 च्या करारानंतर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणत. म्हणजे निजामाच्या जुलमातून सुटून उमरखेडला पोचलेला माणूस कागदोपत्री निजामाच्याच मुलखात उभा होता, असं एखादा हट्टी वकील म्हणू शकला असता. हद्दीचा इतिहास लिहिताना नकाशावरच्या रेघेवर फार विश्वास ठेवू नये. बार्शीकडं तर रेघ आणखी विचित्र होती. इकडची गावं तिकडच्या मुलखात वेढलेली, तिकडची इकडं. नानजवरून जुलै 1948 मध्ये चकमक झाली ती या गुंतागुंतीमुळंच. लातूरहून कुर्डुवाडीला जाणारी बार्शी लाइटची छोटी गाडी ही हद्द ओलांडायची, आणि सीमेवर निजामाचे करोडगिरीचे नाके होते. घरदार सोडून निघालेल्या माणसाच्या गाठोड्यावर करोडगिरी लागत होती का? आणि त्याची पावती मिळत होती का? प्रश्न बारका वाटेल, पण खर्चाचा इतिहास अशाच प्रश्नांतून उभा राहतो.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य रियासतीत शिरलं, 17 तारखेला निजाम शरण आला. आता दोन्ही काठांवर एकच सरकार. नुकसानीचा हिशेब आता तरी व्हायला हवा होता. तो झालाही, फक्त वेगळ्याच लोकांचा.

निजामाचा स्वतःचा हिशेब अगदी चोख झाला. वर्षाला 50 लाख तनखा, सर्फ-ए-खास म्हणजे खासगी मुलूख गेला म्हणून 25 लाख, राजवाड्यांच्या देखभालीला आणखी 25 लाख. जहागिरी 1949 मध्ये खालसा झाल्या आणि जहागीरदारांना किती, कसं, किती वर्षं द्यायचं यासाठी स्वतंत्र कायदा झाला. ज्यांचा हक्क कागदावर होता त्यांना कागदावर भरपाई मिळाली. मी हे रागानं लिहीत नाही. सत्तांतर रक्तपाताविना पचवायचं तर असे सौदे करावे लागतात. पण संशोधक म्हणून हे बघायला हवं की 'नुकसानभरपाई' हा शब्द 1949-50 च्या हैदराबादेत कुणासाठी राखीव होता.

दुसरा चोख हिशेब फाळणीच्या निर्वासितांचा. 1950 मध्ये दाव्यांची पडताळणी करणारा कायदा झाला, 1954 मध्ये भरपाई आणि पुनर्वसनाचा. कल्याण कॅम्पात, म्हणजे पुढच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी माणसाला कराचीतल्या घराचा दावा मांडता येत होता. त्या कायद्यात 'विस्थापित' म्हणजे फाळणीमुळं पश्चिम पाकिस्तानात गेलेल्या प्रदेशातून आलेला माणूस. अहमदपूरहून किंवा हदगावहून निघालेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. कारण त्याचं गाव पाकिस्तानात गेलं नाही, उलट भारतात आलं. तो परत गेला असेल, घर उभं केलं असेल, सावकाराकडून पैसे घेतले असतील. त्याला विस्थापित म्हणायला कायद्याकडं शब्द नव्हता.

आता विषयातला सगळ्यात अवघड भाग. तो टाळून मराठवाड्याचा प्रामाणिक इतिहास लिहिता येत नाही असं माझं मत आहे.

पोलीस अ‍ॅक्शननंतर सूड सुरू झाला. नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या मंडळानं रियासतीत फिरून अहवाल दिला. त्यांच्या अंदाजानुसार पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर कमीत कमी 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूरबद्दल त्यांनी लिहिलं की तिथं हे प्रकार वीस दिवसांहून जास्त चालले, गावात सुमारे दहा हजार मुसलमान होते त्यांतले जेमतेम तीन हजार उरले होते, हजाराहून जास्त मारले गेले आणि बाकीचे नुसता जीव घेऊन पळाले. लातूर ही व्यापारी पेठ, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची तिथं मोठी दुकानं. ती बुडाली. सरदार पटेलांनी या अहवालाचं निष्पक्षपण मानलं नाही, आणि तो सरकारनं प्रसिद्धही केला नाही. काही भाग 1988 मध्ये ओमर खालिदींच्या संपादनातून बाहेर आले, 2013 मध्ये ए. जी. नूरानींच्या पुस्तकात तो परिशिष्ट म्हणून छापला गेला. आकड्यांवर वाद घाला, घालायलाच हवा. पण अहवाल न वाचता घालू नका.

या माणसांच्या खर्चाचं काय? लातूरहून पाकिस्तानात गेला तो 1950 च्या कायद्यानं 'निष्क्रांत', त्याची मालमत्ता कस्टोडियनकडं. लातूरहून हैदराबाद शहरात गेला तो देश सोडून गेलाच नाही, म्हणून निष्क्रांतही नाही आणि विस्थापितही नाही. बघा, पैनगंगा ओलांडलेला हिंदू शेतकरी आणि सहा महिन्यांनी हैदराबादच्या रेल्वेत बसलेला लातूरचा कच्छी दुकानदार, दोघंही कायद्याच्या एकाच फटीत पडले. दोघांच्या दुःखाची बेरीज-वजाबाकी करावी असं मी म्हणत नाही. पण दोघांच्या घरी आज पावती नाही, हे सारखंच आहे. आणि जुनी माणसं बोलतात तेव्हा एका घरात 'रझाकारीत' असं म्हणून काळ मोजतात, दुसऱ्या घरात 'पोलीस अ‍ॅक्शनमध्ये' असं म्हणून. मुलाखत घेताना कुठला शब्द आधी तुमच्या तोंडून बाहेर पडतो यावर पुढची सगळी मुलाखत अवलंबून असते.

सरकारनं नंतर पैसे दिले नाहीत असं नाही. दिले, पण वेगळ्या नावानं. 15 ऑगस्ट 1972 ला केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना आली. तेव्हा ती वर्षाला पाच हजारांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांसाठी होती, म्हणजे मूळ कल्पना मदतीची. 1980 मध्ये उत्पन्नाची अट गेली आणि नावात 'सन्मान' आला. हा एवढासा बदल माझ्या दृष्टीनं फार मोठा आहे. पैसे गरजेसाठी मिळत होते, ते आता योगदानासाठी मिळू लागले. अट काय? सहा महिन्यांचा तुरुंगवास, किंवा तेवढाच काळ भूमिगत, किंवा चळवळीतल्या सहभागापायी मालमत्ता जप्त, कायमचं अपंगत्व, हौतात्म्य. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तुरुंगवासाची अट तीन महिने. हैदराबादच्या चळवळीतल्या सरहद्दीवरच्या शिबिरांना पुढं मान्यता मिळाली आणि तिथं काम केलेले कार्यकर्ते पात्र ठरले.

हे व्हायलाच हवं होतं. त्या माणसांनी जिवावर उदार होऊन काम केलं, करोडगिरीचे नाके उडवले, 30 जानेवारी 1948 ला उमरीची बँक लुटली. पण योजनेच्या चौकटीतून बघितलं की उमरखेडचं शिबिर दोन भागांत फाटतं. एकाच काठावर, त्याच महिन्यांत, दोन माणसं आहेत. एक शिबिरात बंदूक शिकतोय. दुसरा म्हातारी आई आणि दोन बैल घेऊन आलाय आणि मजुरी शोधतोय. पहिल्याला चाळीस वर्षांनी का होईना, राज्यानं ओळखलं. दुसऱ्यासाठी अर्जात रकानाच नाही. त्यानं 'सोसलं' पण 'केलं' काही नाही. त्या शिबिरात भाकरी थापणारी बाई कुठल्या बाजूला पडते? तिचं नाव शिबिराच्या यादीत असेल का? मला हा प्रश्न सुटलेला नाही.

आणि जेव्हा राज्य फक्त कर्तृत्वाला पैसे देतं, तेव्हा सोसलेली माणसं आपली गोष्ट कर्तृत्वाच्या भाषेत सांगू लागतात. पुराव्याची पद्धतही तशीच होती. तुरुंगाचं रेकॉर्ड मिळालं तर ठीक, नाही तर रेकॉर्ड उपलब्ध नसल्याचा दाखला आणि सोबत मोठा तुरुंगवास भोगलेल्या ज्येष्ठ सैनिकाचं प्रमाणपत्र. रियासतीच्या कागदपत्रांची जी अवस्था झाली ती बघता दुसरा मार्गही नव्हता. पण मग प्रमाणपत्र देणाऱ्या माणसाच्या हातात फार मोठी सत्ता आली. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण चौकशीपर्यंत आणि पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याची दुसरी बाजू कमी माहीत आहे: 1993 च्या मुकुंदलाल भंडारी खटल्यात अर्जदार होते 1938-39 च्या हैदराबादमधल्या आर्य समाजाच्या सत्याग्रहातले. खरोखर सोसलेल्या या म्हाताऱ्यांना पेन्शनसाठी दिल्लीत दावा लढावा लागला. न्यायालयानं अर्ज केल्याच्या तारखेपासून पेन्शन द्यायला सांगितलं, उशिरा अर्ज केला म्हणून नाकारता येणार नाही असंही सांगितलं.

म्हणून तुम्ही पेन्शनच्या फायली साधन म्हणून वापरणार असाल तर त्या 1948 च्या फायली नाहीत हे आधी मनात पक्कं करा. त्या 1970-80 च्या फायली आहेत, 1948 बद्दलच्या. 'सहा महिने' हा आकडा त्यांत वारंवार दिसेल. तो आठवणीतून आलेला असेल, किंवा नियमातून आलेला असेल. अर्जदार खोटं बोलतोय असं लगेच ठरवू नका. चार महिने का सहा हे पस्तीस वर्षांनी कुणाला आठवतं? पण आकडा तसाच उचलून प्रबंधात टाकूही नका.

मूळ काळाचे कागद शोधायचे तर काही व्यावहारिक गोष्टी. मला या सुरुवातीला कुणी सांगितल्या नाहीत आणि त्यात बरेच दिवस गेले. लातूर जिल्हा 1982 चा आहे. 1948 मध्ये लातूर उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका. उदगीर, अहमदपूर, निलंगा तर तेव्हा बीदर जिल्ह्यात. ते 1956 च्या राज्य पुनर्रचनेत इकडं आले. म्हणजे उदगीरचा 1948 चा कागद 'लातूर' म्हणून शोधलात तर कधीच मिळणार नाही, आणि तो कदाचित आज तिसऱ्याच राज्यात असेल. उलट मुधोळ-भैंसा तेव्हा नांदेड जिल्ह्यात होते, ते आदिलाबादला गेले. किनवट तिकडून इकडं आलं. कागद उर्दूत, तेही घसरत्या शिकस्त लिपीत. नुसती अलिफ-बे शिकून भागत नाही. वर्ष फसली: 1357 फसली म्हणजे ढोबळमानानं ऑक्टोबर 1947 ते पुढचा सप्टेंबर-ऑक्टोबर. आणि रक्कम दिसली की आधी विचारा, हाली का कलदार? निजामाचा रुपया वेगळा. सात हाली म्हणजे सहा कलदार. सीमेपलीकडं गेलेल्या माणसाच्या हिशेबात दोन्ही नाणी येणार. घरातून निघताना गाठीला हाली आणि उमरखेडच्या बाजारात खर्च कलदारात. रियासतीवर नाकेबंदी असताना हे नाणं बदलून कोण देत होतं आणि किती बट्टा कापत होतं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मराठी आठवणींमध्ये अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी वाचल्याशिवाय सुरुवातच करू नका. त्यांच्या जोडीला फरीद मिर्झांची छोटी इंग्रजी पुस्तिका ठेवा. रियासतीच्या महसूल खात्यातल्या या अधिकाऱ्यानं रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून राजीनामा दिला, आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर जे झालं तेही लिहून ठेवलं. दोन्ही काळांबद्दल एकाच माणसानं बोलावं असं फार कमी वेळा घडलंय. अलीकडचं टेलर शर्मन आणि सुनील पुरुषोत्तम यांचं काम इंग्रजीत आहे, सहज मिळतं.

हे सगळं वाचताना मी एक साधी वही ठेवलीय. त्यात फक्त पैशाचे उल्लेख उतरवतो. बैलगाडीचं भाडं, कडब्याची किंमत, धर्मशाळेत किती दिवस फुकट राहू दिलं, मंगळसूत्र कुठं गहाण पडलं. आठवणी लिहिणारे पुढारी या गोष्टी ओघात सांगून पुढं जातात, कारण त्यांना त्या सांगण्याजोग्या वाटत नाहीत. वहीची सध्या तीस-पस्तीस पानं भरलीत, त्यांतली बहुतेक नांदेडच्या बाजूची. लातूरची बाजू रिकामी आहे. बीदरच्या फायली बघितल्याशिवाय ती भरेल असं वाटत नाही, तेव्हा दिवाळीनंतर तिकडं जायचं ठरवलंय.